लदेणीचा तीळ

किसनरावांच्या वावरातला कापूस संपला होता, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या होत्या आणि त्या मोकळ्या रानात माणूस मावत नव्हता. ट्रॉल्या भरभरून येत होत्या. घाटंजीहून येणारे ऑटोवाले माणसं अक्षरशः कोंबत होते. कोणाच्या गालावर मस होता, कोणाच्या मानेवर चामखीळ. एका पोरीच्या अर्ध्या कपाळावर जन्मापासूनचा तपकिरी डाग होता आणि तिची आई तो पदराने झाकून धरत होती. जो तो आपापला डाग घेऊन आला होता, कारण मांडवात डागहरण महाराज बसले होते.

महाराज दिसायला गोरेगोमटे. "माझ्या देहावर तिळाएवढाही काळा डाग नाही," हे त्यांचं प्रमाणपत्र होतं आणि ते दर पाच मिनिटांनी स्वतःच वाचून दाखवायचे. हातात माइक आला की त्यांना चेव चढायचा.

"भक्तहो, काळं म्हणजे काय? मागच्या जन्मीचं पाप! डॉक्टर काय करतो? वरून खरवडतो. पाप खरवडून जातं का? सुरी लागली की पाप खवळतं आणि अंगभर पळत सुटतं! आम्ही सुरी लावत नाही, सुई लावत नाही. आम्ही पापाला प्रेमानं हाक मारतो. ये बेटा, बाहेर ये!"

आणि बेटा यायचा, हेच तर नवल होतं. महाराज डागावर तांब्यातलं तीर्थ शिंपडायचे, पिवळट कापडाची एक पट्टी त्यावर गुंडाळायचे, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे. पट्टीला ते पीतांबर म्हणत. बघता बघता पीतांबर काळं पडायला लागायचं, आधी राखेसारखं, मग काजळासारखं. महाराजांनी ते उंच धरलं की "उतरलं, काळं उतरलं!" असा गजर व्हायचा. डाग होता तिथेच आणि होता तेवढाच असायचा. पण डागाकडे बघतो कोण? सगळे पट्टीकडे बघत होते.

गर्दीच्या कडेला खांद्यावरची पिशवीही न उतरवता संगीता उभी होती. ती कळंबला एका शाळेत विज्ञान शिकवायची. सकाळी तिच्या भाऊजींचा, हिरासिंगचा फोन आला होता, "बबिताले पाय टेकवत नाही आता, एकडाव येऊन जा." बबिता तिची सख्खी मोठी बहीण. संगीता तांड्यावर पोचली तर घराला कुलूप. शेजारणीने किसनरावांच्या वावराकडे बोट दाखवलं तेव्हा तिने तिथेच कपाळावर हात मारून घेतला.

रांगेत तिला दोघं दिसली. हिरासिंगने बायकोला पाठीवर घेतलं होतं आणि बबिताने त्याच्या खांद्यावर मान टाकली होती. वेचणीत भल्याभल्यांना मागे टाकणारी ही बाई, आता तिची गालफडं बसली होती.

"भाऊजी, खाली ठेवा तिले. हे काय करून राह्यले तुमी?"

"आखरीचा गुरुवार हाय," बबिताला रांगेतच खाली बसवत हिरासिंग म्हणाला. "आज पूर्न झालं की सुटली ते."

"बाई, पाय दाखव," संगीता बहिणीला म्हणाली.

"नको वं संगे. देवाच्या दारात पाय वर करत नसते."

आई गेल्यावर संगीताला बबितानेच वाढवलं होतं. दर दिवाळीला संगीता या पायांवर डोकं ठेवायची. पाया सगळेच पडतात, पण पाय उलटून कोण बघतं? आज तिने बहिणीचं ऐकलं नाही. चप्पल काढली, गुंडाळलेलं फडकं सोडलं आणि टाच वर केली.

टाचेखाली बिस्किटाएवढा डाग होता. त्याच्या कडा वेड्यावाकड्या पसरल्या होत्या. कुठे तो काळाभोर होता, कुठे तपकिरी, एका अंगाला निळसर, आणि मधोमध बोराएवढा लाल ओला गोळा वर आला होता. फडक्याला रक्त लागलेलं होतं.

"हे कवापासून हाय?"

"तीळ तं जन्माचाच हाय," बबिता म्हणाली. "लदेणीचा तीळ. याडी नाही का सांगे?"

याडी म्हणजे आई. या तिळाचं तिला भारी कौतुक होतं. आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. त्या लदेण्या गेल्या, तांडे एका जागी बसले, पण ज्याच्या तळपायाला तीळ त्याच्या पायात लदेणी शिल्लक आहे, असं ती सांगायची. माझी ही पोर लांबलांब जाईल म्हणायची. बबिता माहेरच्या तांड्यावरून सासरच्या तांड्यावर आली, एवढाच तिचा प्रवास झाला होता.

"तवा तो बाजरीच्या दान्याएवढा व्हता. हा एवढा कसा झाला?"

"तो काळा डाग तिळाचा नाही, बिब्ब्याचा हाय," हिरासिंग मध्येच म्हणाला. "म्याच लावला."

दोन वर्षांपूर्वी बबिताची टाच दुखायला लागली होती. कुरूप झालं असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. आणि पायाला काही झालं की बिब्बा, हे तर ठरवायचीही गरज नव्हती. बिब्बा सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा आणि टपकणारं काळं तेल टाचेवर घ्यायचं. त्या तेलाने कातडी काळी पडते आणि काही दिवसांनी सालपट होऊन निघून जाते. हिरासिंग बायकोवर जीव टाकणारा माणूस. जुना डाग फिका होतोय न होतोय तोच तो नवा बिब्बा द्यायचा. तीळ पसरत गेला आणि त्यामुळे घरादाराने तो बिब्ब्याच्या नावावर जमा केला. रक्त आलं तेव्हाही बिब्बा उतला म्हणाले.

संगीताने टाचेचा फोटो काढून राखीला पाठवला. राखी तिची वर्गमैत्रीण, यवतमाळला कातडीची डॉक्टर होती. तिचा लगेच फोन आला.

"संगीता, आजच घेऊन ये. उद्यावर टाकू नको. आणि तिच्या जांघेत हात लावून बघ, गाठ लागते का."

संगीताने साडीवरूनच चाचपलं. सुपारीसारखी टणक गाठ बोटांना लागली.

"बाई, ऊठ. यवतमाळले जायचं हाय."

"आज नाही वं. अर्ध्यात सोडलं तं काळं लेकराइवर जाते, असं महाराजानं सांगतलं." बबिताने पदराची गाठ सोडली. आत आधीच्या गुरुवारांच्या पट्ट्या घडी करून ठेवल्या होत्या. त्या तिने मांडीवर ओळीने मांडल्या. पहिली काळीकुट्ट होती, दुसरी जरा कमी, शेवटची नुसती राखाडी. "तुले पुरावा पाह्यजे ना? पाह्य. कमी होऊन राह्यलं का नाही? तूच सांग. मास्तरीन हायेस तू."

अडाणी म्हणून जिला सगळे समजावत आले ती बाई समोर पुरावा मांडून बसली होती. संगीताने एक पट्टी उचलली. तिचं एक टोक कोरडं, पिवळट आणि कडक राहिलं होतं. तिने ते जिभेला लावलं. तोंड तुरट झालं आणि सगळा उलगडा झाला.

हिरडा! दर वर्षी वर्गात ती मुलांकडून जुन्या काळची शाई करून घ्यायची. हिरड्याचा काढा पिवळट दिसतो, हिराकसाचं पाणी जवळपास पाण्यासारखंच दिसतं आणि दोन्ही एकत्र आले की काळी शाई होते. इथे काढा कापडात वाळवला होता आणि हिराकस तीर्थात होतं. दर गुरुवारी तीर्थात हिराकस थोडं कमी टाकायचं, की पाप आपोआप कमी होत जायचं.

तिने बहिणीला हे सांगून पाहिलं. बबिताने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू सांगतं तं खरं असन. पन म्या डोयानं पाह्यलं हाय, संगे."

डोळ्याने पाहिलेलं डोळ्यानेच पुसावं लागणार होतं. संगीता रांग तोडून सरळ मांडवात घुसली आणि तिने महाराजांपुढे तळहात पसरला.

"महाराज, माया हाताचं काळं उतरवा."

"डाग कुठे आहे, माई?"

"नाही डाग. तरी उतरवा."

लोक हसले. महाराज मुरलेले होते, ते गडबडले नाहीत. तीर्थ शिंपडलं, पट्टी गुंडाळली आणि काळी झाल्यावर ती माइकसमोर नाचवली. "बघा! हिच्या हातावर नाही, मनात काळं आहे! शिकलेल्याच्या मनात जरा जास्तच असतं!"

टाळ्या पडल्या. संगीता टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली. मग तिने प्रसादाच्या ताटातली फोडलेल्या नारळाची वाटी उचलली आणि आतलं पांढरंशुभ्र खोबरं सगळ्यांना दाखवलं.

"अन् नारळाच्या मनात काय असन, महाराज?"

महाराज "अहो, अहो" म्हणेपर्यंत तिने नवी पट्टी तीर्थात बुडवून खोबऱ्यावर टाकलीही होती. पट्टी राखाडी झाली, मग काळी झाली. महाराज हिसकवायला पुढे आले, तशी तिने ती ओली पट्टी सोडून दुसरी तीर्थात बुडवून त्यांच्याच गोऱ्या मनगटावर गुंडाळली. तीही काळी पडली.

"तुमच्या अंगावर तं तिळाएवढाही काळा डाग नव्हता ना?"

मग तिने माइक घेतला आणि वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. पट्टीत हिरडा आहे, तांब्यात हिराकस आहे. कृषी केंद्रात फेरस सल्फेट म्हणून मिळतं तेच हे. पीक पिवळं पडलं की तुम्ही फवारता, ते.

"अबे, ते तं माया घरी पडून हाय," मागून आवाज आला. तो हिरासिंग होता.

महाराजांच्या माणसांनी जीप सुरू केली. किसनरावांनी माइकची वायर उपटली आणि म्हणाले, "बस झालं बाई, लोकाइच्या श्रद्धेचा सवाल हाय." कोणी शिव्या घातल्या, कोणी नारळ उचलून घरी नेले. कपाळावर डाग असलेल्या पोरीची आई संगीताजवळ आली.

"मंग हिच्या कपायाचं काय करू मी?"

"काहीच नका करू. एकडाव दवाखान्यात दाखवून ठेवा. मोठा होत नसन, रंग बदलत नसन तं राहू द्या. पोरगी चांगली दिसते."

आईने मान हलवली आणि पदर पुन्हा पोरीच्या कपाळावर ओढला. जाता जाता कोणीतरी तिला सांगत होतं, हा खोटा निघाला, पण पैनगंगेच्या पलीकडे एक आहे, तो खरा आहे.

बबिता जमिनीवर बसली होती. मांडीवरच्या पट्ट्यांकडे बघत तिने विचारलं, "मंग माया पायातलं काळं कुठी गेलं, संगे?"

"कुठीच नाही गेलं, बाई. आतच हाय."

पट्ट्या तिथेच टाकून बबिताने नवऱ्याकडे हात वर केले. हिरासिंगने तिला पाठीवर घेतलं आणि ते ऑटोकडे चालू लागले.

असल्या गोष्टी एरवी इथे संपतात. बुवा पळतो, विज्ञान जिंकतं, ऐकणारा खूश होऊन घरी जातो. पण तीळ काही मांडवात बसून टाळ्या ऐकत नव्हता. तो दोन वर्षांपासून आपलं काम करत होता.

यवतमाळला राखीने टाच पाहिली, जांघेतली गाठ पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. तुकडा तपासायला काढावा लागेल म्हणाली.

"सुरी लागली तं पसरन म्हनते," बबिता घाबरून म्हणाली.

"सुरीनं नाही पसरत हो, ताई. तो आधीच पसरलाय. सुरी लवकर लागली असती तर बरं झालं असतं." राखी हिरासिंगकडे वळली. "तीळ सगळ्यांनाच असतात. जन्मखुणाही असतात. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. जन्मखूण फार मोठी असेल तर मात्र लक्ष ठेवावं लागतं. आणि कुठलाही तीळ बदलायला लागला, वाढला, कडा वाकड्या झाल्या, दोन-तीन रंग दिसले, रक्त आलं, की थांबायचं नाही. आपल्यासारख्या सावळ्या माणसांना हा कॅन्सर बहुतेक तळपायाला, तळहाताला, नाहीतर नखाखाली होतो."

"दोन वर्षं आधी आनलं असतं तं?" हिरासिंगने विचारलं.

राखीला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "बहुतेक टाचेचा तेवढा भाग काढून घरी पाठवलं असतं."

हिरासिंग भिंतीला टेकून खाली बसला. बिब्ब्याच्या तेलाने काळी झालेली आपली बोटं तो दुसऱ्या हाताने चोळत राहिला. संगीताने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला त्याचा राग धरता येईना.

पुढे नागपूर झालं. मोठ्या दवाखान्यात टाच कापली, जांघेतल्या गाठी काढल्या, औषधं सुरू झाली. मधे थोडे बरे दिवस आले आणि गेले. मग खोकला लागला आणि छातीच्या फोटोत फुफ्फुसावर ठिपके दिसले. वॉर्डच्या खिडकीतून खालच्या उड्डाणपुलावरची वाहनं दिसायची. बबिता ती बघत पडून राहायची.

"याडी खरंच सांगे, संगे," ती एकदा म्हणाली. "या तिळानं मले नागपूर दाखोलं."

संगीता तिच्यासमोर हसली. मग जिन्यात जाऊन रडली.

नव्या कापसाला बोंडं धरली तेव्हा बबिता गेली, तांड्यावर, आपल्या घरात. दुःखाला बसायला बायका आल्या. ओसरीवर, अंगणात दाटीवाटीने बसल्या, गळ्यात गळा घालून रडल्या. रडणं ओसरलं तसं संगीताने हात जोडले.

"बायाहो, एक सांगतो, आयका. माया बहिनीले पापानं नेलं नाही. नजरेनं नेलं नाही. तिच्या पायाखाली एक तीळ बदलून राह्यला व्हता अन् घरात कोनी पाय उलटून पाह्यला नाही. महाराजानं पट्टी दाखोली, आपन पट्टी पाह्यली. तुमी आंघोयीच्या दगडावर टाचा घासता ना, तवा एकमेकीचे तळपाय पाहत जा. नखं पाहत जा. नवीन काळं दिसलं, जुनं वाढलं, तं बिब्बा नका लावू, कोनाच्या मांडवात नका जाऊ. डॉक्टरले दाखवा. तो म्हनन काही नाही, तं हसत घरी या. काय जाते आपलं? अन् आता, इथीच, पाय दाखवा मले."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने पाय लुगड्याखाली ओढून घेतले. दुखवट्याच्या घरात हे काय भलतंच, असं कोणीतरी कुजबुजलं. एवढ्यात वस्तीच्या रस्त्याने भोंगा लावलेली जीप आली. येत्या गुरुवारी, शेजारच्या गावी, त्वचारोग, तीळ, चामखीळ, जन्मखुणा, सुरीशिवाय, सुईशिवाय. महाराजांचं नाव नवीन होतं. "ये बेटा, बाहेर ये!" म्हणणारा आवाज तोच होता. पहिल्या मांडवानंतर संगीताने महाराजांविरुद्ध तक्रार द्यायची म्हणून घरोघर विनवण्या केल्या होत्या. सही करायला एक माणूस पुढे आला नव्हता.

"कुठल्या गावी म्हनलं वं?" मागच्या ओळीतल्या एकीने शेजारणीला हळूच विचारलं.

संध्याकाळपर्यंत अंगण रिकामं झालं. एकाही बाईने पाय दाखवला नाही. संगीता ओसरीच्या पायरीवर बसून राहिली. तिचे हात इतके जड झाले होते की उठून दिवा लावायचंही तिच्याने होईना.

हिरासिंग घरातून आला, तिच्यासमोर खाटेवर बसला आणि त्याने आपला पाय पुढे केला. संगीताने तो मांडीवर घेतला आणि उलटा केला. जिथेतिथे भेगा, भेगांत माती. तिने ओल्या फडक्याने माती पुसली आणि बोटांच्या बेचक्या एकेक करून पाहिल्या. काळं कुठेच नव्हतं.

"माया पायाले काहून नाही झालं, संगीता?" तो म्हणाला. "बिब्बा तं म्या बी लावत व्हतो. तिलेच काहून?"

वर्गात कोणी असा प्रश्न विचारला असता तर तिने फळ्याकडे वळून वेळ काढला असता.

"मले नाही मालूम, भाऊजी. कोनालेच नाही मालूम. कोनी मालूम हाय म्हनलं तं समजा का तो खोटं बोलून राह्यला. पन वाढलेला तीळ पाह्यला की दवाखान्यात जावं, एवढं मालूम व्हतं. ते आपल्या घरात येता येता उशीर झाला."

हिरासिंगच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने ते पुसलं नाही. संगीताने त्याचा पाय खाली ठेवला आणि हात पुढे केला.

"दुसरा द्या," ती म्हणाली.